दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके देते, फ्युएल ट्यूनर बसवू का? (रोजचा घोडबंदर ते ऐरोली)

कासारवडवलीकर | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय.

गाडी बीएस ६ (प्रदूषणाचा निकष), सिंगल सिलिंडर, चारशेच्या आसपास सीसी, केबलचा थ्रॉटल, चेन ड्राइव्ह, ३१ हजार किमी झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादाला धागा 'मुळात ती घेतलीतच कशाला' यावर जातो, हे इथे बघून झालंय.

दुखणं असं. रोजचा रस्ता कासारवडवली, कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली. या रस्त्यावर साठचा वेग म्हणजे सणासुदीची गोष्ट. बहुतेक वेळ दुसरा गिअर, २२०० ते ३००० आरपीएम, मूठ जेमतेम उघडी. नेमकी तिथेच गाडी छळते. मूठ सोडली की कुणी मागून कॉलर धरल्यासारखी अडते. परत जराशी पिळली की क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम ढुशी. मूठ हलवली नाही तरी पुढे-मागे हिंदकळत राहते. चार हजारांच्या वर मात्र लोणी.

मी सहन केलंही असतं. पण शनिवारी बायको मागे होती. माजिवडा ते कळवा, प्रत्येक गचक्याला तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्क. तिने मोजले. सतरा. घरी आल्यावर शांतपणे म्हणाली, पुढच्या वेळी मी टीएमटीच्या बसने येते.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: 'बीएस ६ आहे ना सर, सगळ्या अशाच.' एका ओळखीच्याचं म्हणणं, आफ्टरमार्केट फ्युएल ट्यूनर (इंजिनला मिळणारं पेट्रोल कमी-जास्त करणारा बाहेरचा डबा) टाक, विषय संपेल. फिटिंगसकट एकवीस हजार सांगितलेत. घेऊ का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पामबीचचा_पांथस्थ | सोमवार, रात्री ११:२०

डोळे झाकून घ्या. मी दोन वर्षांपूर्वी माझ्या ट्विनवर बसवला, गाडीच बदलली राव. सोबत फ्री फ्लो सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टरही करून टाका, एकदाच काय तो खर्च.

शंकासुर | सोमवार, रात्री ११:३२

पाम बीचवर डोळे झाकून चालवणारे कोण ते आज कळलं.

तेलकट_हात | मंगळवार, सकाळी ७:१५

कासारवडवलीकर, एकवीस हजार सध्या खिशातच राहू द्या.

तुम्ही एका शब्दात तीन वेगवेगळी दुखणी सांगितली आहेत. मूठ सोडताना आणि परत पिळताना बसणारा धक्का हे एक. पिळल्यावरची ती क्षणभराची पोकळी हे दुसरं. मूठ स्थिर असताना गाडीचं हिंदकळणं हे तिसरं. आपण तिघांनाही 'गचका' म्हणतो, गॅरेजवाल्यालाही तेच सांगतो, आणि तो बिचारा प्लग बदलून देतो.

पहिलं दुखणं पुष्कळदा पेट्रोलचं नसतंच, ढिलाईचं असतं. मनगटापासून मागच्या टायरपर्यंत जाऊन बघा: केबलमधला खेळ, गिअरबॉक्सच्या दात्यांमधली फट, चेन, मागच्या हबमधले धक्का शोषणारे कुश रबर. मूठ सोडली की ही सगळी साखळी एका बाजूला टेकते, पिळली की दुसऱ्या बाजूला. मधली फट ओलांडताना इंजिन मोकळं सुटतं आणि मग आपटतं. सिंगलमध्ये हे जास्त जाणवतं, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत ठोका एकच.

तर या रविवारी एवढं करा. मूठ अलगद फिरवून बघा, केबल ताणली जाईपर्यंत किती फिरते ते. कडेला मोजून २ ते ३ मिमी ठीक, त्याहून जास्त असेल तर ॲडजस्टर आहे, दहा मिनिटांचं काम. पण अगदी शून्यही करू नका, हँडल वळवल्यावर रेस वाढायला नको. चेन खालच्या बाजूला, मध्यावर बोटाने वर-खाली करून पट्टीने मोजा. चाक फिरवत तीन-चार जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सगळ्यात ताठ जागेवरचं माप खरं. किती हवं ते स्विंगआर्मच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांना २५ ते ३५ मिमी. मग गाडी गिअरमध्ये घालून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. स्प्रॉकेट जागेवर आणि चाक एकटंच हलत असेल तर रबर गेले.

थ्रॉटल बॉडीही (इंजिनात जाणारी हवा आवरणारा भाग) उघडून बघा. तिच्यातल्या फिरत्या झडपेच्या, म्हणजे बटरफ्लायच्या कडेला काळं कीट धरतं. तुमचं सगळं चालवणं मुठीच्या पहिल्या पाच-दहा टक्क्यांत, म्हणजे हवा जाते ती त्या कडेच्या केसभर फटीतूनच. तिथेच कीट असेल तर काय होणार? क्लीनर फडक्यावर घ्या आणि पुसा, खरवडू नका. आणि थ्रॉटल बॉडी व हेडच्या मधला रबराचा बूट तडकलाय का तेही बघा.

एवढं करून जो गचका उरेल तो पेट्रोलचा. त्याचं मग बोलू.

कळव्याचा_कार्ब | मंगळवार, सकाळी ९:०५

तेलकटकाकांना दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

माझी कार्ब्युरेटरची जुनी गाडी अजून मस्त चालते हे फक्त नोंदवून जातो.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:११

चोक ओढून चालवता की ढकलून?

नेरूळची_रायडर | मंगळवार, दुपारी १:४०

कासारवडवलीकर दादा, दुरुस्ती होईपर्यंत एक युक्ती. ट्रॅफिकमध्ये मूठ पूर्ण सोडूच नका. नखभर उघडी ठेवा आणि वेग मागच्या ब्रेकवर हलकेच पाय ठेवून आवरा. चेन सतत एकाच बाजूने ताणलेली राहते, मग गचका बसायला जागाच नाही. उलवे ते वाशी रोज अशीच जाते, मागे मुलगी असते. ब्रेक पॅड थोडे लवकर झिजतात, चालायचंच.

पामबीचचा_पांथस्थ | मंगळवार, दुपारी २:०२

म्हणजे गाडीचा दोष आपण पायाने भरून काढायचा? ट्यूनर टाका हो. आणि सायलेन्सरचं मी मनापासून सांगतोय, आवाज काय येतो...

(यापुढचे सायलेन्सरबद्दलचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे विषय थ्रॉटलचा आहे. – संपादक)

कासारवडवलीकर | रविवार, रात्री ९:३०

अहवाल सादर आहे.

चेन ५२ मिमी हलत होती. बावन्न! महिनाभरापूर्वी सर्व्हिसिंगच्या बिलावर 'चेन ॲडजस्ट' लिहून पैसे घेतलेत. केबलचा खेळ सातेक मिमी. हे दोन्ही घरी केलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखरेखीखाली.

रबरासाठी वागळे इस्टेटच्या मागच्या गल्लीतल्या एका मेकॅनिककडे गेलो. चाक काढल्यावर त्याने रबराचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मूळचा चौकोनी असणार, आता कडा गोल, खाली काळी पूड, आणि एका बाजूला नखाने दाबलं तर खळगा तसाच राहत होता. त्याने विचारलं, 'नवीन आणू, की जुन्या ट्यूबचे तुकडे भरू? ट्यूब फुकट.' मी नवीन म्हणालो. तो थोडा नाराज झाला असं वाटलं.

थ्रॉटल बॉडीतून फडकं काळंभोर निघालं. बूट ठीक आहे.

आज संध्याकाळी बायकोला विनवून तोच रस्ता. सतरावरून नऊ. मूठ सोडतानाचा धक्का जवळजवळ गेला. पिळल्यावरची पोकळी आणि हिंदकळणं आहे तसंच. म्हणजे उरलेले नऊ पेट्रोलचे असं समजू का?

तेलकट_हात | सोमवार, सकाळी ७:०५

ट्यूबचे तुकडे नाकारलेत ते उत्तम. ते रबराच्या फटीत पाचरीसारखे बसतात, खेळ जातो पण लवचिकपणाही जातो. गचका तेवढाच, फक्त आता तो गिअरबॉक्स खाणार.

अजून एक गोष्ट, मग पेट्रोल. तुम्ही विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जाता. पावसाळ्यात तिथलं पाणी कुठवर असतं?

कासारवडवलीकर | सोमवार, सकाळी ८:२०

यंदा दोनदा फूटपेगच्या वर. का?

तेलकट_हात | सोमवार, सकाळी ८:४५

सीट काढा, टाकी उचला, आणि थ्रॉटल बॉडीवर जाणारे दोन-तीन कनेक्टर एकेक सोडून आत बघा. इग्निशन बंद ठेवून.

कासारवडवलीकर | बुधवार, रात्री १०:१५

काका, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, देवघरात लावतो.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा कनेक्टर. बाहेरून नवा कोरा. आत तीन पिना, त्यातल्या मधल्या पिनेवर हिरवट पांढरी बुरशीसारखी साय. समईची वात काढल्यावर खाली पितळेवर जे दिसतं तेच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून टूथब्रशने साफ केलं, वाळवलं, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून परत बसवलं. बॅटरी काढून ठेवली होती, ईसीयूने (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीचा संगणक) परत शिकावं म्हणून गायमुखापर्यंत जाऊन-येऊन वेगवेगळ्या गिअरमध्ये फिरवली.

हिंदकळणं ८० टक्के गेलं! मोजणी: पाच. पोकळी अजून आहे, पण आता तेवढंच आहे.

शंकासुर | बुधवार, रात्री १०:४०

एकवीस हजारांच्या दुखण्यातले सतरापैकी बारा गचके टूथब्रश आणि पान्याने गेले. टूथब्रश कोणाचा होता?

कासारवडवलीकर | बुधवार, रात्री १०:४४

त्याबद्दल घरी चौकशी चालू आहे.

तेलकट_हात | गुरुवार, सकाळी ७:३०

आता पेट्रोल. सावकाश वाचा.

त्या सेन्सरचं काम एवढंच, मूठ किती उघडी आहे ते ईसीयूला व्होल्टेजमध्ये सांगणं. पिनेवर गंज चढला की आकडा थरथरतो, आणि ईसीयूला वाटतं तुम्ही सतत मूठ किंचित पिळता-सोडता आहात. त्याप्रमाणे ती पेट्रोल वर-खाली करते. तुमचं हिंदकळणं तिथून आलेलं.

उरलेली पोकळी मात्र बऱ्याच अंशी मुळातली. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरला नीट काम करायला हवा-पेट्रोलचं प्रमाण अगदी नेमकं लागतं. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर हे सतत बघत असतो. जास्त पेट्रोल झालं तर तो ०.९ व्होल्टकडे जातो, कमी झालं तर ०.१ कडे, आणि ईसीयू या दोन टोकांमध्ये झोके घेत सरासरी राखते. याला क्लोज्ड लूप म्हणतात. धुराड्यासाठी हे प्रमाण उत्तम. पण हलक्या मुठीवर, कमी आरपीएमला, सिंगलला जरा जास्त पेट्रोल आवडतं, १३.२ च्या आसपास.

शिवाय तुम्ही मूठ पिळता तेव्हा हवा तत्काळ आत जाते, पेट्रोल नाही. इंजेक्टरने मारलेल्या फवाऱ्यातला काही भाग पोर्टच्या भिंतीवर ओलावा होऊन बसतो आणि उशिरा आत येतो. म्हणजे नेमक्या त्या क्षणी मिश्रण पातळ, पेट्रोल कमी. तुमची पोकळी ती हीच. कार्ब्युरेटरवाले हसत असतील, तर त्यांना आठवण: चांगल्या कार्बला यासाठीच ॲक्सिलरेटर पंप असायचा, मूठ पिळली की पेट्रोलची एक चूळ वेगळी मारायचा. ईसीयूमध्येही तसा हिशोब असतो, पण प्रदूषणाच्या चाचणीसाठी तो हात आखडून लिहिलेला.

त्यात आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल जाळायला हवा कमी लागते, त्यामुळे ई२० चं योग्य प्रमाण साधारण १३.५. तुमची गाडी ई२० च्या आधीची असेल तर तिच्या डोक्यातले मूळ आकडे जुन्या पेट्रोलचे. स्थिर चालीत सेन्सर चूक सुधारून घेतो. मूठ पिळण्याच्या क्षणी सुधारायला वेळ नसतो, आणि गाडी तेवढी आणखी पातळ चालते.

नेरूळची_रायडर | गुरुवार, सकाळी ११:२०

मग ट्यूनर घ्यायचा की नाही? सगळे ट्यूनर एकच असतात का?

तेलकट_हात | गुरुवार, दुपारी ३:१०

नाही. ढोबळमानाने तीन जाती.

पहिली, हवेच्या तापमानाच्या सेन्सरला फसवणारी. डेन्मार्कचा बूस्टरप्लग यातला प्रसिद्ध. ईसीयूला वाटतं हवा आहे त्यापेक्षा थंड आहे, थंड हवा दाट, म्हणून ती थोडं जास्त पेट्रोल सोडते. बसवायला सोपा. पण सगळीकडे सारखीच वाढ, निवड तुमच्या हातात नाही.

दुसरी पिगीबॅक. अमेरिकेच्या डायनोजेटचा पॉवर कमांडर, आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा फ्युएलएक्स, ही मंडळी. ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसतात, ईसीयूने मारलेला इशारा थोडा लांबवतात किंवा आखडतात. काहींमध्ये आरपीएम आणि मुठीच्या टक्क्यांचा तक्ता असतो, कुठल्या खान्यात किती टक्के ते तुम्ही ठरवता. काही सेन्सर वाचून आपणहून जुळवून घेतात.

तिसरी, ईसीयूच नव्याने लिहिणं. सगळ्यात ताकदीचं, आणि चुकलं तर सगळ्यात महाग. राइड-बाय-वायर गाड्यांचा प्रश्न बहुधा इथेच सुटतो, कारण त्यांच्यात मूठ आणि बटरफ्लायचं नातंसुद्धा सॉफ्टवेअरनेच ठरतं.

आता विक्रेते जे सांगत नाहीत ते. एक, क्लोज्ड लूपच्या पट्ट्यात तुम्ही पिगीबॅकने पाच टक्के वाढवले की ऑक्सिजन सेन्सर चहाडी करतो आणि ईसीयू पाच टक्के कापते. आठवड्याभरात गाडी होती तशी. म्हणून बरेचजण सेन्सरचा सिग्नलही ट्यूनरमधून फिरवतात किंवा सेन्सर सरळ काढतात.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. मूठ पूर्ण सोडल्यावर, आरपीएम वर असतील तर, ईसीयू इंजेक्टर बंदच करते. थेंबभरही नाही. खाली आल्यावर परत चालू करते. मूठ सोडताना कॉलर धरल्यासारखं वाटतं त्यात याचा वाटा असतो. पिगीबॅक इशारा गुणतो. इशाराच शून्य असेल तर शून्याला कितीनेही गुणा. त्यासाठी नेरूळच्या ताईंचा मागचा ब्रेक बरा.

शंकासुर | गुरुवार, दुपारी ४:००

गंमत बाजूला. सेन्सर काढून जास्त पेट्रोल ओतलं तर कॅटलिटिक कन्व्हर्टरचं काय होतं तेही लिहा की. माजिवड्याच्या सिग्नलला मी तुमच्या मागे स्कूटरवर असतो.

तेलकट_हात | गुरुवार, सायंकाळी ६:२५

रास्त आहे. रिच, म्हणजे जास्त पेट्रोलच्या मिश्रणात जळून उरलेला ऑक्सिजन नसतो, मग कॅटला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळायला काही मिळत नाही. ते तसंच बाहेर. तुमच्या नाकात.

म्हणून मी स्वतः सेन्सर काढायला नाहीच म्हणतो. आलेल्या गिऱ्हाइकालाही. त्यात दोन-चार गिऱ्हाइकं गेली.

पामबीचचा_पांथस्थ | गुरुवार, सायंकाळी ७:१५

माझा सेन्सर काढलेला आहे. पीयूसी पास आहे.

वाशीचा_कायदेपंडित | गुरुवार, रात्री ८:३०

पीयूसीमध्ये तुमची गाडी उभी असताना मोजतात, चालताना नाही. त्यावर फार विसंबू नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतली माहिती वेगळी ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. वॉरंटीचं तर बोलायलाच नको. नाक्यावर हवालदार टाकी उचलून बघणार नाही हे खरं, पण अपघात झाल्यावर विम्याचा सर्व्हेयर उचलतो.

कासारवडवलीकर | पुढचा शनिवार, रात्री ११:५५

आधी कबुली. मी ऐकलं नाही.

कोपरखैरण्याच्या एका ओळखीच्याकडे तक्तावाला पिगीबॅक पडून होता, त्याने वापरायला दिला. वॉरंटी मागच्याच वर्षी संपली आहे. सेन्सर काढला नाही, एवढं ऐकलं. पण तक्ता मात्र नेटवरून कुणीतरी टाकलेला तसाच उचलून भरला, दुसऱ्या सायलेन्सरसाठी बनवलेला. हलक्या मुठीला सरसकट बारा टक्के.

पहिले दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टला डोळे चुरचुरले. पाचव्या दिवशी प्लग काढला तर काजळी धरलेला, बोट पुसलं तर काळं. ॲव्हरेज २९ वरून २४. आणि काका म्हणाले तसंच, एकसारख्या चालीत परत हिंदकळायला लागली. ईसीयू कापतेय, ट्यूनर ओततोय, दोघांची सासू-सुनेसारखी जुगलबंदी.

आता काय?

तेलकट_हात | रविवार, सकाळी ७:२०

आता तक्ता पूर्ण शून्य करा. सगळे खाने. नवा प्लग टाका.

तुमच्या डब्यात ॲक्सिलरेटर पंपाची सोय आहे का बघा. मूठ किती वेगाने उघडली ते पाहून, मोजक्या फेऱ्यांपुरतं जास्तीचं पेट्रोल देते आणि थांबते. तुमचं दुखणं तेवढ्याच क्षणाचं आहे, औषधही तेवढ्याच क्षणाचं हवं. स्थिर चालीत ईसीयू आणि सेन्सरला त्यांचा संसार करू द्या.

लहान आकड्याने सुरू करा. दर फेरीला एकच बदल, तोच रस्ता, तोच गिअर, इंजिन पूर्ण गरम. वहीत लिहा. कुणाकडून वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण आकड्यात दाखवणारा) मिळाला तर उत्तम, पण गेजवर १४.७ चे आकडे बघू नका, लॅम्बडा बघा: प्रमाण नेमकं असेल तर १, पातळ असेल तर त्याहून जास्त. ते आकडे पेट्रोलच्या पट्टीवर छापलेले असतात, टाकीत ई२० आहे. पिळल्याच्या क्षणी लॅम्बडा १.१ च्या पुढे उडत असेल तर पातळ. ०.९ च्या जवळ आणा आणि हात काढा. त्याखाली नेऊन काही मिळत नाही.

आणि हे रात्री करा. दिवसा ठाणे-बेलापूर रोडवर गेजकडे बघत चालवणाऱ्याला मी ओळखत नाही असं सांगेन.

कळव्याचा_कार्ब | रविवार, सकाळी १०:०५

वाइडबँड माझ्याकडे आहे. हो, कार्बवाल्याकडे. जेट कसे ठरवतो असं वाटलं? मंगळवारी रात्री अकराला खारेगाव नाक्याजवळ या, मी मागे बसून आकडे वाचतो.

कासारवडवलीकर | बुधवार, रात्री १:२०

झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहितो.

दिघा ते तुर्भे, सात फेऱ्या. सायलेन्सरमध्ये सेन्सरसाठी आधीच बुंग (सेन्सर बसवायची आटेदार जागा) असलेला पाइप कार्बभाऊंनी स्वतःच्या गाडीचा जुगाड करून आणला होता, त्याची वेगळी कथा. ते मागे बसून मोबाइलच्या उजेडात वहीत आकडे लिहीत होते, मी दुसऱ्या गिअरमध्ये २५०० ला धरून मूठ उघडत होतो.

पहिल्या फेरीला, काहीही न वाढवता, पिळल्याबरोबर लॅम्बडा १.१८. दोघेही गप्प झालो. एवढे दिवस पाठीला जे जाणवत होतं ते आकड्यात दिसलं. मग पंपाचा आकडा थोडा थोडा वाढवत गेलो. चौथ्या फेरीला १.०५, सहाव्याला ०.९३. सातवीला हाव सुटली, ०.८४ झालं आणि गाडी उलट जड वाटली. परत सहावीवर आलो आणि डबा बंद केला. स्थिर चालीत लॅम्बडा १ च्या आजूबाजूला झुलतोय, कंपनीने ठेवला होता तसा.

नंतर ऐरोलीच्या सिग्नलपाशी टपरीवर चहा. कार्बभाऊ म्हणाले, 'पंप लावलास शेवटी. आमच्या गाडीत तो जन्मापासून आहे.' उत्तर सुचलं नाही.

पामबीचचा_पांथस्थ | बुधवार, सकाळी ९:४०

मला पण सेन्सर परत बसवायचाय. थ्रेड खराब झालाय असं वाटतं. तेलकटकाका, व्यक्तिगत निरोप केला आहे.

तेलकट_हात | बुधवार, सकाळी ९:५५

आणा. सायलेन्सरही जुना असेल तर सोबत आणा.

नेरूळची_रायडर | शुक्रवार, दुपारी १२:३०

ॲव्हरेज किती? आणि मुख्य मोजणी?

कासारवडवलीकर | रविवार, रात्री ९:१०

ॲव्हरेज दोन टाक्यांवर २८.५. पीयूसी नवीन काढली, पास.

मुख्य मोजणी आज झाली. कासारवडवली ते वाशी, म्हणजे नेहमीपेक्षा लांब, शिवाय कापूरबावडीला नेहमीची कोंडी. दोन. त्यातला एक विटाव्याच्या खड्ड्याचा, तो धरायचा नाही असं मी म्हणालो. ती म्हणाली, धरायचा.

टूथब्रश नवीन आणून दिला आहे.